सकाळी अडकणारी .22 : मिस्त्रीकडे न्यायच्या आधी

दादा, संभाजीनगरला बंदुकीच्या मिस्त्रीकडं चक्कर मारायच्या आधी एक सांगा : निवडणुकीत रायफल ठाण्यात जमा करताना तिला कोणतं तेल लावलं होतं? तुम्ही लिहिलंय की परत आणल्यापासून तुमची .22 सेमी-ऑटो (एका खटक्याला एक गोळी, पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल) दर तीन-चार राऊंडला अडकते, रेंजवर सकाळी जास्त आणि ऊन चढलं की कमी. तिथंच मला खोबरेलाचा वास आला. हे तेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, आणि परभणीत डिसेंबरच्या सकाळी पारा दहाच्याही खाली उतरतो. डब्यातलं तेल बोटानं उकरून काढावं लागतं त्या दिवसांत, मग तेच बोल्टात, म्हणजे नळीमागं पुढं-मागं सरकणाऱ्या भागात, भरल्यावर बोल्ट पळणार कसा?

.22 मध्ये बोल्टला मागं रेटायला राऊंडचा धक्का तेवढा असतो, आणि तो मुळातच तोकडा. बोल्ट अर्धवट मागं गेला की उडालेल्या काडतुसाची पुंगळी बाहेर पडता पडता बाजूच्या खिडकीत उभी अडकते, नाहीतर पुढचं काडतूस उचललंच जात नाही. हा उद्योग मीही करून बसलोय. बोल्ट काढला तर खोबणीत पिवळट मेण, त्यात काजळी आणि वेचणीच्या दिवसांतले कापसाचे तंतू. नखानं खरवडावं लागलं.

तेव्हा आधी मॅगझीन काढा, मग बोल्ट मागं ओढा. हा क्रम उलटा केलात तर बोल्ट सोडताच दुसरं काडतूस चेंबरात, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, जाईल. चेंबर डोळ्यांनी बघा, करंगळीनंही चाचपा. मग बोल्ट, चेंबर आणि एक्सट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणारी) नखी सॉल्व्हंटनं धुऊन कोरडी करा, वर शिलाई मशीनच्या तेलाचा एखादाच थेंब. जास्त तेल म्हणजे धुळीला आवतण. आणि रिकाम्या रायफलीचा खटका दाबून 'टक्-टक्' करून बघू नका. बऱ्याच .22 मध्ये फायरिंग पिन (काडतुसावर आदळणारी सुई) चेंबरच्या काठावर आदळून खाच पाडते.

मग रेंजवर जा, शेतात नको. तरीही अडकली तर एका वेळी एकच गोष्ट बदला : आधी मॅगझीन, मग काडतुसांचा डबा. एकाच मॅगझीनला अडकत असेल तर तिचे ओठ (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) वाकलेत किंवा स्प्रिंग मेलीय. कमी वेगाच्या काडतुसांनी बोल्ट पुरता मागं न जाणं हा रायफलीचा दोष नाही. न उडालेल्या काडतुसाची कड बघा. तिथली पिनची खूण पुसट असेल तर पिनचा मार कमी पडतोय, खोल असेल तर काडतूसच बाद. मात्र ते लगेच काढू नका, नळी टार्गेटकडंच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा.

दोन गोष्टींत मात्र घरगुती डोकं चालवायचं नाही. आवाज फुसका आला तर गोळी नळीत अडकलेली असू शकते, पुढचा राऊंड अजिबात नको. आणि एकदा खटका दाबल्यावर दोन उडाले तर तिथंच थांबा, रायफल रिकामी करा आणि थेट मिस्त्रीकडं. स्वतः कानस लावून काही घासलंत तर जीव धोक्यात, शिवाय आपोआप उडणारं हत्यार कायद्यानं प्रतिबंधित आहे.

जाताना मूळ परवाना, अडकणारी मॅगझीन आणि पाच-सहा बिघडलेल्या पुंगळ्या पुडीत बांधून न्या. मिस्त्री परवानाधारकच बघा आणि रायफल ठेवून येणार असाल तर नंबर लिहिलेली पावती घ्या. आमच्या ओळखीतल्या एकानं पावती घेतली नव्हती, पुढच्या नूतनीकरणाला हत्यार दाखवायची वेळ आली आणि गडी चार दिवस झोपला नाही.