मुलीचा कर्लिंगचा खर्च आणि तुमचा नसलेला विमा

कॅल्गरीहून एका वाचकाने विचारलं आहे: चोवीस वर्षांची मुलगी कर्लिंग (बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ) संघात लीड, म्हणजे पहिले दगड टाकणारी, म्हणून खेळते. फिजिओथेरपीची नोकरी सोडून 2030 च्या ऑलिंपिकची तयारी करायची म्हणते. प्रवास, प्रशिक्षक, प्रवेश फी धरून वर्षाला 18,000 डॉलर लागतात. घरावरच्या क्रेडिट लाइनमधून (घर तारण ठेवून लागेल तसं घ्यायचं कर्ज) काढू का?

नमस्कार. तुम्ही जाता जाता लिहिलेली ओळ वाचून मी थबकलो. मुलीच्या 'निवृत्तीची सोय' म्हणून तिच्या नावाची होल लाइफ पॉलिसी (आयुष्यभराचा, बचत जोडलेला विमा), महिना 750 डॉलर, सहा वर्षं. भरले 54,000, आज मोडली तर हाती 21,000. तुम्ही 52 वर्षांचे, घर तुमच्या पगारावर चालतं, कर्ज 4,20,000, आणि तुमचा स्वतःचा विमा कंपनीकडून मिळणारा एका वर्षाचा पगार, एवढाच! जिच्यावर कुणी अवलंबून नाही तिचा विमा विकला आणि कर्त्या माणसाला उघडं ठेवलं. असं विकणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

आधी स्वतःचा पाच लाखांचा, 15 वर्षांचा टर्म विमा घ्या, म्हणजे त्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा. तब्येत ठीक असेल तर 750 च्या तिसऱ्या हिश्श्यात बसेल. तो हातात आला की पॉलिसी मोडा. गेलेले 33,000 आणखी हप्ते भरून परत येणार नाहीत.

आता मुलगी. पदक मिळालं की क्रेडिट लाइनचं कर्ज फिटेल, हा हिशोब सोडा. चार वर्षांचे 72,000 अधिक व्याज. कॅनडाची ऑलिंपिक समिती सुवर्णपदकाला 20,000 देते, आणि महिलांचा संघ देशातून एकच जातो. शिवाय या खेळात घाई नाही. कॅनडाच्याच ब्रॅड गुशूने 2006 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकलं आणि 2022 मध्ये एक्केचाळिसाव्या वर्षी कांस्य. कॅनडाचीच जेनिफर जोन्स 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये जिंकली तेव्हा 39 वर्षांची होती, पेशाने वकील.

तिला खेळू द्या, पण क्रेडिट लाइनला हात लावू नका. पहिला मोसम पॉलिसीच्या 21,000 मधून निघतो. पुढे टर्मचा हप्ता वजा जाता वाचलेले हप्ते वर्षाला 6,000, संघाच्या गेल्या मोसमातल्या 32,000 बक्षिसातला तिचा चौथा हिस्सा 8,000. उरलेले चार हजार तिच्या पगारातून. म्हणून नोकरी सोडण्याआधी तिने क्लिनिकमध्ये विचारावं: सप्टेंबर ते एप्रिल आठवड्याला तीन दिवस चालतील का?