गणवेशाचं माप कमरेपासून घे

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाच्या वेशासाठी तू जमवलेल्या गणवेशाबद्दलचं तुझं पत्र आणि सोबतचे फोटो मिळाले. सर्ज, म्हणजे जाड लोकरी कापड, चांगलं निवडलंयस, खाकीची छटा बरोबर आहे, बिल्ले जिथे हवेत तिथेच शिवलेत. तरी अंगावर चढवल्यावर १९४४ सालचा शिपाई दिसत नाही, नाटकासाठी भाड्याने आणलेले कपडे दिसतात, अशी तुझी तक्रार आहे. फोटो बघून मलाही तसंच वाटलं. आणि त्याचं मुख्य कारण एकच आहे. तुझी पँट चार बोटं खाली आहे.

जीन्स घालून घालून आपल्याला पँट खुब्याच्या हाडांवर टेकवायची सवय लागली आहे. त्या युद्धातल्या बॅटलड्रेसची, म्हणजे ब्रिटिश सैन्याच्या आखूड जॅकेटच्या गणवेशाची, पँट तिथे बसण्यासाठी कापलेलीच नव्हती. ती बेंबीच्या आसपास बसते, गॅलिसवर, म्हणजे खांद्यावरून जाणाऱ्या पट्ट्यांवर, लटकते, आणि वरचं जॅकेट मुद्दाम आखूड ठेवलेलं आहे, कारण खालून पँट तेवढी वर येणार हे गृहीत धरलेलं आहे. जॅकेटच्या कमरपट्टीला मागच्या बाजूला काजं असतात आणि पँटला बटणं. ती एकमेकांत अडकवली की वाकलं, धावलं तरी पाठ उघडी पडत नाही. आता तू पँट खाली ओढलीस की काय होतं बघ. दोन पायांच्या जोडाशी कापडाचा झोळ येतो. पायाचं जास्तीचं कापड अँकलेटवर, म्हणजे घोट्याभोवती बांधायच्या पट्टीवर, गोळा होतं. कमरपट्टी आणि पँट यांच्यामध्ये शर्ट दिसायला लागतो. तो झाकायला तू वेबिंगचा, म्हणजे जाड विणलेल्या पट्टीचा, पट्टा खाली सरकवतोस आणि मग काडतुसांचे पाउच बरगड्यांपाशी बसायच्या ऐवजी मांडीवर आपटायला लागतात. तुझ्या पत्रात या पाच वेगळ्या तक्रारी आहेत. मूळ एकच आहे.

म्हणून नवीन काही मागवण्याआधी गॅलिस आण. चार ठिकाणी ताण सारखा येईल इतपत आवळ, पँट वर घे, आणि मग पुन्हा फोटो काढ. तुझ्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील असा माझा अंदाज आहे.

उरलेल्या निम्म्या मात्र मापाच्या आहेत. तू जीन्सच्या लेबलवरचा आकडा पाहून पँट मागवलीस, हे पत्रावरून दिसतंय. आजच्या लेबलवरचा आकडा आणि टेपवरचे इंच यांचा फारसा संबंध उरलेला नाही. शिवाय तो आकडा खुब्याजवळच्या घेरासाठी असतो. टेप बेंबीच्या उंचीवर धर, श्वास रोखू नकोस, पोट आत घेऊ नकोस, आणि शर्ट पँटमध्ये खोचून माप घे, कारण तो लोकरी शर्ट खरोखरच आत खोचलेला असणार आहे. छातीचं माप घेतानाही तेच. ज्या थरांवर जॅकेट चढणार ते थर अंगावर असू देत.

त्या काळच्या सैन्यांनी माप कसं मांडलं होतं ते बघितलंस तर खूप शिकायला मिळेल. ब्रिटिश लेबलवर उंची, छाती आणि कंबर असे तिन्ही आकडे असत. म्हणजे छाती एकच असली तरी उंच माणसाचं जॅकेट वेगळं आणि बुटक्याचं वेगळं. अमेरिकन जॅकेटवर छातीच्या आकड्यापुढे शॉर्ट, रेग्युलर किंवा लाँग असं असे, आणि पँटवर कंबर व पायाची आतली लांबी. जर्मन फेल्डब्लूझच्या, म्हणजे मैदानी जॅकेटच्या, अस्तरावर तर पाच आकड्यांचा शिक्का असे: पाठीची लांबी, कॉलर, छाती, पूर्ण लांबी आणि बाही, सगळं सेंटीमीटरमध्ये. तू कोणत्याही देशाचा गणवेश कर, मला तो पाच आकड्यांचा हिशेब सगळ्यात जास्त उपयोगी वाटतो. त्यातलं पाठीचं माप, म्हणजे मानेच्या हाडापासून कमरेपर्यंतची उंची, आजकाल कोणी घेतच नाही. आखूड जॅकेट कमरेवर बसणार की पोटावर चढणार हे नेमकं त्याच मापावर ठरतं. प्रतिकृती बनवणाऱ्याला ऑर्डर देताना हे पाच आकडे आणि पँटचे दोन, असे सात पाठव. फक्त ‘मीडियम’ किंवा ‘लार्ज’ विचारणाऱ्याकडून घेऊ नकोस.

आता मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जिथे धडाला जोडतात त्या गोलाबद्दल, थोडं सविस्तर लिहितो, कारण तुझ्या जॅकेटमधला दुसरा मोठा दोष तिथे आहे आणि तो नंतर दुरुस्त करता येत नाही. जुन्या कपड्यांचा मुंढा वर, काखेला लागून असे आणि घेराने लहान असे. पहिल्यांदा घातलं की आपल्याला तो घट्ट वाटतो. पण हात वर केला की फक्त बाही हलते, जॅकेटचं धड जागचं हलत नाही. आज बरेच शिवणारे मुंढा खाली उतरवतात आणि मोठा ठेवतात, म्हणजे एकाच मापात जास्त माणसं मावतात. उभं राहिलं तर ते आरामशीर वाटतं. हात उचलला की सगळं जॅकेट वर खेचलं जातं.

याची परीक्षा सोपी आहे. सगळी बटणं लाव, कमरेचं बकल आवळ आणि रायफल खांद्याला लावल्यासारखे दोन्ही हात धर. कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांग. कमरपट्टी जागेवर राहिली, पाठीवर आडवी सुरकुती फार खोल पडली नाही आणि बाही मनगटाच्या हाडावर थांबली, तर मुंढा बरोबर. कमरपट्टी तीन बोटं वर चढली, तर जॅकेट कितीही सुंदर असलं तरी परत कर. तुझ्या तिसऱ्या फोटोत, जिथे तू हात उंचावून हसतोयस, तिथे कमरपट्टी जवळजवळ छातीखाली आली आहे. मग गुडघा टेकून बस, उठ, आडवा हो. हे कपडे आरशासमोर उभं राहण्यासाठी कापलेले नव्हते, त्यामुळे त्यांची पारख हालचालीतच होते.

सैल किती आणि घट्ट किती, असं तू विचारलंयस. याला एकच उत्तर नाही. तो कपडा कशासाठी होता ते आधी विचारायला हवं. अमेरिकनांचं एम-१९४३ फील्ड जॅकेट थरांवर थर घालायच्या कल्पनेतून आलं. आत लोकरी स्वेटर वगैरे जाणार म्हणून त्यात जागा ठेवली आहे आणि कंबर आवळायला आतून नाडी आहे. ते नुसत्या शर्टावर घालून ‘ढगळ आहे’ म्हणून शिंप्याकडे नेणं म्हणजे त्याचा जीवच काढून घेणं. अमेरिकन सेनापती आयसेनहॉवरच्या नावाने ओळखलं जाणारं १९४४ सालचं आखूड लोकरी जॅकेटही मुळात या फील्ड जॅकेटच्या आत घालायचा थर म्हणून आखलं होतं, त्यामुळे तेही ऐसपैस कापलेलं होतं. शिपायांनी मात्र ते बाहेर मिरवायचं जॅकेट करून टाकलं आणि शिंप्याकडून अंगासरशी करून घेतलं. म्हणजे एकाच जॅकेटची दोन्ही रूपं अस्सल आहेत. रजेवरचा माणूस करणार असशील तर घट्ट चालेल. आघाडीवरचा करणार असशील तर ते शिवून घट्ट करू नकोस.

अमेरिकन छत्रीधारी सैनिकांचा एम-१९४२ जंप सूटही असाच. मोठे तिरके खिसे, भरपूर घोळ. नॉर्मंडीच्या उडीआधी त्याच्या कोपरांना आणि गुडघ्यांना जाड कापडाचे तुकडे लावून घेतले होते. खिसे खच्चून भरले की तो जसा बसतो तसा रिकाम्या खिशांनी बसणारच नाही. म्हणून त्याचं माप बघताना खिसे भरून बघायचे. ब्रिटिशांचा डेनिमचा बॅटलड्रेस तर सर्जच्या गणवेशावरून चढवता यावा म्हणून सैल मापाचा असे. लोक सर्जचं माप डेनिमला लावतात आणि मग बुजगावणं दिसतं म्हणून कपड्याला नावं ठेवतात. डेनिम नुसतंच घालायचं असेल तर एक माप खाली उतर.

बॅटलड्रेस जॅकेट मात्र कमरेत नीट आवळलेलं आणि वर थोडं फुगून बसलेलं हवं. छातीवर बटणांच्या मध्ये कापड ताणून फट पडली तर ते लहान आहे. अंगासरशी नेटकं बसावं म्हणून तू दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेणार आहेस असं लिहिलंयस. कृपा करून घेऊ नकोस. त्या फुगीरपणातच हात आणि खांदे हलायला जागा आहे.

एक खबरदारी घे. बॅटलड्रेसच्या १९४२ पासून आलेल्या काटकसरीच्या नमुन्याला ‘१९४० पॅटर्न’ म्हणतात. त्यात खिशांच्या चुण्या काढल्या आणि आधी पट्टीखाली झाकलेली बटणं उघडी दिसायला लागली. आधीचा आणि हा, दोन्ही नमुने एकाच पलटणीत एकत्र दिसत, त्यामुळे त्यावरून वाद घालू नकोस. पण कोटासारखी उघडी, दुमडलेली कॉलर असलेलं जॅकेट युद्धकाळातलं म्हणून कोणी विकत असेल तर तो बहुधा १९४९ चा नमुना आहे. युद्धकाळात अधिकारी कॉलर उघडी ठेवून टाय लावत, साधे शिपाई गळ्यापर्यंत बंद करत. त्यांना टायची मुभा युद्धाच्या शेवटच्या काळात, तीही कामावर नसताना मिळाली. तुझा शिपाई खंदकात बसलाय आणि कॉलर उघडी आहे, हे खटकतं.

शिंप्याकडे जाशील तेव्हा त्या काळचा फोटो बरोबर ने. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा फोटोसंग्रह इंटरनेटवर बघता येतो. स्टुडिओत इस्त्री करून काढलेले फोटो बाजूला ठेव, चालणारी, ओझं उचलणारी, जेवणारी माणसं बघ. चेहऱ्याकडे नको, काखेकडे, कमरेकडे आणि घोट्याकडे बघ. सुरकुत्या कुठून निघून कुठे जातात ते बघ. शिंप्याला सांग की पँटची कंबर मागच्या मधल्या शिवणीतून आत घ्यायची आणि शिलाईमाया कापायची नाही, आत तशीच ठेवायची. पाय निमुळते करायला तो आपणहून सुचवेल, कारण आज तशी पद्धत आहे. ठाम नकार दे. पायाला घेर हवाच. लांबी ठरवताना बूट आणि अँकलेट घालून उभा राहा, कापड अँकलेटवरून थोडं दुमडून खाली यायला हवं. आधी धावदोरा घालून बघ, एक दिवस वापर, मगच पक्की टीप मार. आणि सर्ज गरम पाण्यात कधीही टाकू नकोस, एका धुण्यात मापाचा सगळा खटाटोप वाया जाईल.

पत्राच्या शेवटी तू संकोचत विचारलंयस की माझं शरीर या कामासाठी जाड आहे का. मोकळेपणाने सांगतो. भरतीच्या वेळचा सरासरी अमेरिकन शिपाई ५ फूट ८ इंच उंच आणि ६५ किलोच्या आसपास होता, त्यामुळे जुने खरे कपडे आपल्यापैकी बहुतेकांना होत नाहीत. त्यात हाती लागतात ती बरीचशी लहान मापंच. पण सैन्यात आडव्या अंगाची माणसंही होती आणि कोठारात त्यांच्यासाठीही मापं होती. तुझ्या अंगाचं माप खरं आहे, त्याच मापाचा गणवेश शिवून घे. दोन मापं लहान जॅकेटमध्ये स्वतःला कोंबून कोणी बारीक दिसत नाही, फक्त बटणं ओरडतात. मापात शिवलेल्या, उंच कमरेच्या पँटमध्ये आणि नीट आवळलेल्या पट्ट्यात भरलेल्या अंगाचा माणूस फार रुबाबदार दिसतो. मी असे कितीतरी बघितलेत आणि मला ते मनापासून आवडतात. वयाचं म्हणशील तर तू तरुण आहेस, ती बाजू तुझी आधीच भक्कम आहे.

शिरस्त्राणाबद्दल थोडक्यात लिहितो. अमेरिकन एम-१ च्या पोलादी कवचाचं माप एकच असतं, बसवायचं असतं ते आतलं लायनर, म्हणजे कवचाच्या आतली हलकी टोपी. डोक्याची पट्टी नीट लाव, हेल्मेट सरळ ठेव, मागे ढकलू नकोस.

आता नवीन जॅकेट मागवायची घाई करू नकोस. गॅलिस लावून, शर्ट खोचून, बूट-अँकलेट घालून तीन फोटो पाठव: समोरून, बाजूने हात रायफलच्या स्थितीत, आणि पाठीमागून वाकलेला. सोबत ते सात आकडे लिही, सेंटीमीटरमध्ये. पाठीची उंची दुसऱ्या कोणाकडून मोजून घे, स्वतःची स्वतःला नीट घेता येत नाही. ते आले की आहे ते जॅकेट ठेवायचं की परत करायचं, आणि पँट शिंप्याकडे न्यायची का, हे मी तुला नक्की सांगेन.

तुझा,
एक जुना छंदी

ता. क. परत करायची मुदत कधी संपते ते आजच बघून ठेव, आणि तोवर लेबल कापू नकोस.