रोबोटवरची पहिली लोबेक्टमी

लोबेक्टमी म्हणजे फुफ्फुसाचा एक लोब (मोठा भाग) काढणं. पहिल्याच केसला सेगमेंटेक्टमीचा, म्हणजे लोबचा फक्त एक तुकडा काढण्याचा, मोह टाळ. खालच्या लोबमधली लहान, कडेची गाठ निवड.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे जोर. दा विंची या सर्जरीच्या रोबोटच्या जुन्या मॉडेलांत हाताला ताण जाणवतच नाही, तो डोळ्यांनी ओळखायचा. फुफ्फुस चिमट्याने ओढू नकोस, गुंडाळलेल्या गॉजने ढकल. लिम्फ नोड (लसिका गाठी) आधी नीट काढलेस की रक्तवाहिन्या मोकळ्या दिसतात.

पल्मनरी आर्टरीतून (फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीतून) रक्त आलं तर:
- आधी गॉजने दाब. क्लिपची घाई नको.
- टेबलापाशी छाती उघडू शकणारा जाणता सहकारी हवाच. तू लांब कन्सोलवर (रोबोट चालवायच्या जागी), हातही न धुतलेले!
- उघडावी लागली तर लाज कसली?

ब्रॉंकसवर (लोबकडे जाणाऱ्या श्वासनळीच्या फांदीवर) स्टेपलर मिटल्यावर, कापण्याआधी उरलेलं फुफ्फुस फुगतंय का बघ. आयसीजी (फुफ्फुसाचे भाग वेगळे दाखवणारा चमकणारा रंग) वगैरे नंतर बोलू.