पणजोबा रेल्वेत पोलीस होते, पण कुठल्या पोलिसात?

प्रश्न असा: पणजोबा 1940च्या सुमारास खानापूर स्टेशनात रेल्वे पोलीस होते. बेंगळूरला माहिती अधिकारात अर्ज टाकला, 'नोंद नाही' असं उत्तर आलं. आता काय करावं?

बेंगळूरला नोंद असेलच कशी? 1 नोव्हेंबर 1956पर्यंत खानापूरचा बेळगाव जिल्हा मुंबई राज्याकडे होता. गाडी एम.एस.एम.ची, म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची. आधी हे शोधा, की पणजोबांना पगार कोण देत होतं, सरकार की रेल्वे? सरकारी रेल्वे पोलीस गुन्हा नोंदवायचे. मालधक्का, वाघिणी (मालगाडीचे डबे) आणि त्यांची सीलं सांभाळायचं काम वॉच अँड वॉर्डचं, म्हणजे रेल्वेच्या स्वतःच्या पहारा खात्याचं. खाकी दोघांचीही, म्हणून घरोघरी गोंधळ. 'आमचे आजोबा 1940 साली आरपीएफमध्ये होते' असं कुणी सांगितलं तर सोडून द्या, आरपीएफचा, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाचा, कायदाच 1957चा.

ट्रंक उघडा. रेल्वेत पेन्शन 1957च्या अखेरीस आली, त्याआधी प्रॉव्हिडंट फंड. त्यापूर्वी निवृत्त झालेल्या माणसाचा पेन्शनचा कागद सापडला तर तो पोलीस खात्यातला समजा. फंडाची पावती असेल, आजी 'रेल्वेच्या फुकट पासावर पंढरपूरला जायचो' म्हणत असेल, तर रेल्वेचा माणूस.

पितळी बिल्ला मिळाला तर चिंच, पितांबरी काही लावू नका. आधीच झिजलेले आकडे घासून सपाट होतात. अंधारात बॅटरी आडवी धरून फोटो काढा, मग पातळ कागद ठेवून पेन्सिल हलक्या हाताने फिरवा, आकडा उठतो. पण नुसत्या बक्कल नंबरावर माणूस सापडत नाही. बदली झाली की नंबर बदलायचा आणि जुना दुसऱ्याला जायचा. नंबर, साल, ठाणं तिन्ही लिहा. आडनावावर अडू नका, जुन्या कागदांत बऱ्याचदा नाव आणि वडिलांचं नाव एवढंच असतं.

रेल्वेचे निघाले तर अर्ज हुबळी विभागाच्या कार्मिक खात्याला, फी 10 रुपये. ही लाईन 1951 साली दक्षिण रेल्वेत, 1966 साली दक्षिण मध्यमध्ये आणि 2003 साली नैऋत्यमध्ये गेली. दप्तर चेन्नईला किंवा सिकंदराबादला अडकलेलं असू शकतं, तेव्हा तिन्ही नावं अर्जात घाला. पोलिसातले असतील तर मुंबईचं पुराभिलेखागार.

आणि 'वॉच अँड वॉर्ड म्हणजे वॉचमनच की' असं म्हणणारे पाहुणे आमच्याकडेही आहेत. रात्री कंदील घेऊन लोंढ्याच्या यार्डात वाघिणीची सीलं तपासत फिरणं त्यांना एकदा करायला लावा. उगाच फौजदार सापडावा म्हणून शोधत बसू नका.

शिपायाचं सेवापुस्तक मात्र ठरावीक वर्षांनी नष्ट करतात. ते गेलं असेल तर पेन्शनचा किंवा फंडाचा कागद हाच पुरावा, त्याची आधी झेरॉक्स काढा.