जुन्या नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेला, फाइली साठवायचा डिस्कचा डबा) कंपनीच्या यादीत नसलेली मोठी हार्ड डिस्क चालेल का?

बहुतेक वेळा चालते. नॅस कंपनीची यादी म्हणजे त्यांनी तपासलेल्या डिस्क. मॉडेल जुनं झालं की ती यादी पुढे वाढत नाही, इतकंच. खरी अडचण वेगळीच असते. प्रोसेसर ३२-बिट असेल तर एक व्हॉल्यूम (साठवणीचा एक सलग भाग) सहसा १६ टीबीच्या पुढे जात नाही, हे आधी बघा. डिस्क सीएमआरच (डेटाचे ट्रॅक शेजारी-शेजारी लिहिणारी) घ्या; एसएमआर (ट्रॅक एकमेकांवर चढवून लिहिणारी) डिस्क रीबिल्डच्या वेळी, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरताना, फार रखडते, कधी कधी नॅस तिला बादच ठरवतो. बऱ्याच मोठ्या डिस्कच्या तळाला मधली स्क्रूची भोकं नसतात, त्यामुळे डिस्क बसवायचा जुना ट्रेही तपासा.

आधी बॅकअप, मग फर्मवेअर (नॅसचं अंगचं सॉफ्टवेअर) अपडेट. रेड १ किंवा ५ (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी) असेल तर एका वेळी एकच डिस्क बदला आणि रीबिल्ड पूर्ण झाल्यावरच दुसरीला हात लावा. वाढीव जागा सगळ्या डिस्क बदलून व्हॉल्यूम वाढवल्यावरच दिसते.