सहा वर्षांच्या मुलीला युद्धाच्या गोष्टींची चित्रपुस्तकं वाचून दाखवावीत का? घाबरणार नाही ना ती?

दाखवा की. फक्त आधी तुम्ही एकट्यानं बसून शेवटच्या पानापर्यंत वाचा. मी वाचलं नव्हतं, म्हणून सांगते.

माझा मुलगा सहाचा होता तेव्हा टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयातल्या हत्तींची गोष्ट मी न चाळताच वाचायला घेतली. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, तिथले मोठे प्राणी मारून टाकायचा हुकूम आला. हत्ती विष घातलेले बटाटे खाईनात, म्हणून त्यांना उपाशी ठेवलं. कसरत केली की खायला मिळतं एवढंच त्या बिचाऱ्यांना ठाऊक, त्यामुळे अंगात त्राण नसतानाही ते कसरती करून दाखवतात. मुलगा रडला नाही. चित्रातल्या सोंडेवर हात ठेवून म्हणाला, "रात्री गुपचूप द्यायचं ना थोडं." आवाज माझाच फुटेना.

खरी फजिती पुढेच होती. गोष्टीत हत्ती मरतात तेव्हा वर बॉम्ब टाकणारी विमानं दिसतात. "विमानांमुळे मारलं का?" असं त्यानं विचारलं आणि मी हो म्हणून मोकळी झाले. नंतर वाचलं तर टोकियोवरचे मोठे हवाई हल्ले सुरू झाले नोव्हेंबर १९४४ मध्ये. हत्ती त्याच्या वर्षभर आधीच गेले होते. हुकूम टोकियोच्या गव्हर्नरचा होता, आणि युद्धाचं गांभीर्य लोकांच्या मनावर बिंबवणं हाही त्यामागचा हेतू होता असं अभ्यासक सांगतात. आता हे त्या पोराला कसं सांगायचं? सरळ सांगितलं, "माझं चुकलं. तेव्हा विमानं आलीच नव्हती, एका मोठ्या साहेबानं आधीच ठरवलं होतं." त्यावर त्याचा प्रश्न, "मग त्याला कुणीच नको म्हणालं नाही?" म्हणाले होते! एक हत्तीण सेंदाईच्या प्राणिसंग्रहालयात हलवायचं घाटत होतं, गव्हर्नरनंच ते होऊ दिलं नाही. हे त्याला विमानांपेक्षा जास्त पटलं.

तुमच्या मुलीसाठी मात्र हत्तींपासून सुरुवात नको. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमधल्या शहरांतून लाखो मुलांना खेड्यांत पाठवलं, कोटाला नावाची चिठ्ठी आणि गळ्यात गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा अडकवून. अशी एखादी गोष्ट घ्या. "डब्यात खाऊ होता का?" इथून मुलं आपसूक आत शिरतात. हिरोशिमा दोन-तीन वर्षांनी. आणि नुसत्या रणगाड्यांची पुस्तकं मुलांना फार आवडतात, पण तो इतिहास नव्हे, ती गाड्यांची हौस. असू द्यावी.

झोपायच्या वेळी वाचू नका. पान तिलाच उलटू द्या, नको असेल तर ती स्वतःच दोन पानं एकदम उलटते. आणि "आपल्याकडे होईल का असं?" हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा "छे, कधीच नाही" म्हणू नका. "आत्ता आपण घरात आहोत, मी इथे आहे" एवढं पुरतं.

आमच्याकडे ते पुस्तक निघालं की शेवटी मला १९४९ चं सांगावं लागतं. जपानी मुलांनी नेहरूंकडे हत्ती मागितला आणि इंदिरा नावाची हत्तीण बोटीनं उएनोला गेली. पुस्तकात हे नाही. म्हणून मुलानं मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं ती काढून ठेवली आहे, बोटीपेक्षा मोठी.