लिफ्टमधला प्रश्न

प्रश्न : आमच्या सोसायटीत सुदानचे दोन विद्यार्थी भाड्याने राहतात. परवा लिफ्टमध्ये माझ्या सहा वर्षांच्या मुलाने त्यांतल्या एकाला विचारलं, "दादा, आंघोळ केल्यावर तुमचा रंग जात नाही?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात दाबून त्याला गप्प केलं. घरी हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "हबशी तो, त्याचा रंग कुठला जायला!" आता मुलगा 'हबशी हबशी' करत जिन्यातून पळतो. काय करू?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मुलाने दिसलं ते विचारलं. तुम्ही हात दाबलात, तेव्हा त्याला पहिल्यांदा वाटलं असेल, की या दादात काहीतरी न बोलण्यासारखं आहे. रंग कातडीतच असतो, कुणाच्या जास्त, कुणाच्या कमी. तुझाही आंघोळीने जात नाही. त्याला एवढं पुरे.

सासूबाईंशी भांडू नका. पण मुलाच्या कानावर पडेल असं म्हणा, "आई, हा शब्द आपण असा नको वापरायला." शिवाय तो चूकही आहे. हबशी म्हणजे हबश देशाचा, आजच्या इथिओपियाचा. माझं माहेर खुलताबादचं, मलिक अंबरची कबर आमच्याच गावात. तो खरा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, पुढे निजामशाहीचा कारभार त्याच्या हाती आला. १६१० च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तेच पुढचं औरंगाबाद. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. ही गोष्ट रात्री मुलाला सांगा, सासूबाई शेजारी असतानाच.

मी कुठली मोठी शहाणी! अठ्ठावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. गॅदरिंगच्या रामायणात एका सावळ्या मुलीला मी लागोपाठ तीन वर्षं शूर्पणखा केलं. वर "तुलाच शोभतं गं" म्हणून कौतुकही केलं. पालकसभेत तिच्या आईने विचारलं, "बाई, माझी पोर सीता कधी होणार?" बाकीचे पालक हसले. मी हजेरीपटात डोकं खुपसलं.

म्हणून म्हणते, मुलाआधी घरातली मोठी माणसं काय बोलतात ते आठवडाभर नुसतं ऐका. "उन्हात खेळू नको, काळा पडशील" हे कोण म्हणतं? स्थळाच्या फोटोवर "नाकीडोळी नीटस आहे, पण..." कोण म्हणतं? बऱ्याचदा आपणच.

आणि हो, त्या दादाचं नाव काय? तुमच्या पत्रात ते कुठेच नाही. पुढच्या वेळी लिफ्टमध्ये भेटला की मुलालाच विचारू द्या.